वाळूतलं पाणी

क्योतोच्या रिओआन-जी या देवळात एक बाग आहे. बागेत झाड नाही. साधारण पंचवीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागेत बारीक पांढरी खडी अंथरलेली, तिच्यात १५ दगड, दगडांच्या पायथ्याशी थोडं शेवाळ, एवढंच. खडीवर दाताळ्यानं रेघा ओढलेल्या असतात. समोरच्या लाकडी पडवीत माणसं चप्पल काढून बसतात आणि बघत राहतात. पडवीत कुठेही बसलं तरी १५ पैकी एखादा दगड दुसऱ्याच्या आड जातोच. अशा बागेला जपानीत ‘करेसान्सुई’ म्हणतात. त्यातल्या ‘सान्सुई’चा अर्थ डोंगर आणि पाणी, ‘करे’ म्हणजे कोरडं. दगड हे डोंगर किंवा बेटं, आणि खडी म्हणजे पाणी.

कोकणातल्या आगरात, म्हणजे किनाऱ्याच्या नारळीपोफळीच्या वाडीत, वाढलेल्या माणसाला ही बाग समजावून सांगावी लागत नाही. त्याची वाडीही वाळूवरच उभी असते. फरक इतकाच की क्योतोची वाळू पाण्याची आठवण करून देते आणि गुहागरची वाळू खरोखरच पाणी धरून बसलेली असते.

देवळं आणि बागा यांसाठी जगभर ओळखलं जाणारं शहर म्हणून क्योतोचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. इ. स. ७९४ मध्ये राजधानी म्हणून आखलेलं हे शहर १८६८ पर्यंत सम्राटांचं राहिलं. १९९४ साली त्याची आणि आसपासची १७ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण देऊळ आणि बाग एकाच श्वासात उच्चारावीत अशी गावं रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरही आहेत: केळशी, आंजर्ले, मुरुड, गुहागर. त्यांना शहर म्हणता येणार नाही. तरीही क्योतोसाठी लोक जी नजर तयार करून जातात, ती घेऊन एकदा गुहागरात उतरावं असं मला मनापासून वाटतं.

चिपळूणहून गुहागर साधारण ४५ किलोमीटर. घाटी उतरून गावात शिरलं की समुद्र दिसत नाही. दिसतो एक लांबलचक रस्ता, किनाऱ्याला समांतर, आणि दोन्ही बाजूंना घरं. वरचा पाट, खालचा पाट अशी आळ्यांची नावं. पश्चिमेकडच्या एखाद्या घरात ओळखीनं आत गेलात तर गावाची रचना पायांनीच कळते. रस्त्याला लागून पुढचं दार, मग अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, मागच्या दारी विहीर, विहिरीपासून सुरू होणारी वाडी. वाडी संपते तिथे सुरूची झाडं, आणि सुरूच्या पलीकडे पुळण. घराचं तोंड अरुंद आणि लांबी थेट समुद्रापर्यंत. क्योतोतली जुनी व्यापारी घरंही अशीच, रस्त्याकडे तोंड लहान आणि आत खोल खोल जाणारी. तिथले लोक त्यांना ईल माशाची अंथरुणं म्हणतात. त्या घरांच्या पोटात उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी एक चिमुकली बाग सोडलेली असते, तिला ‘त्सुबोनिवा’ म्हणतात. आमच्याकडे बाग घराच्या पोटात नसते, तिच्या काठाशी घर बसलेलं असतं.

गाव असं लांबट का, याचं उत्तर जमिनीत आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये लाटांनी आणि वाऱ्यानं रचलेला वाळूचा पट्टा, त्या पट्ट्यावर ही वस्ती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. क्योतोत त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीच्या कोकणात हे पाणी जांभ्याच्या सड्यावरून धावत ओढ्यानाल्यांनी समुद्राला मिळतं. वाळूवर पडलेलं पाणी मात्र खाली मुरतं. खाली समुद्राचं खारं पाणी शिरलेलं असतंच, पण गोडं पाणी हलकं आणि खारं जड, त्यामुळे गोड्याचा थर खाऱ्यावर तरंगत राहतो. भूजलशास्त्रात याचा एक जुना हिशेब आहे. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर साठलं असेल, तर सपाटीखाली त्याचा थर साधारण ४० मीटरपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात खाली खडक लागतो आणि वाळूचा पट्टाही अरुंद असतो, म्हणून इतकी खोली मिळत नाही. तरी मर्म कळतं. लाटांच्या हाकेवर असलेल्या विहिरीला गोडं पाणी लागतं ते यामुळे.

हिशेबाची दुसरी बाजू तितकीच कडक आहे. वरचं पाणी एक हात उतरलं की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढायला बघतं. रहाट होते तेव्हा हा तोल आपोआप राखला जाई. लाकडी चाकावरून गाडग्यांची माळ खाली जायची, बैल किंवा रेडा गोल फिरायचा, गाडगी एकेक करून पन्हळीत रिकामी व्हायची. पन्हळीतून पाणी दोणीत, दोणीतून पाटात, पाटातून झाडाच्या आळ्यात. सकाळच्या वेळी रहाटाचा करकर आवाज वाडीवाडीतून ऐकू यायचा, असं सांगणारी माणसं अजून आहेत. या कामाला आमच्याकडे ‘शिंपणं’ म्हणतात. रहाट सावकाश उपसायचा आणि विहीर तितक्याच सावकाश भरायची. विजेचा पंप एका तासात जितकं ओढतो तितकं रेडा सकाळभर फिरून ओढत नसे. पंप आला, पाठीवरचे कष्ट गेले, आणि त्या कष्टांची हौस कुणाला असणार? पण किनाऱ्याजवळच्या विहिरीवर पंप फार वेळ चालवला तर पाणी मचूळ होतं, हे आगरी गावांना ठाऊक आहे. मचूळ पाणी नारळ काही काळ सोसतो. पोफळ सोसत नाही.

नारळ आणि पोफळ यांच्या स्वभावातला हा फरक म्हणजेच वाडीची रचना. बाहेरच्या अंगाला, समुद्राच्या वाऱ्याला तोंड देत नारळ. त्याच्या आत, सावलीत पोफळी. पोफळीचं खोड नैर्ऋत्येच्या उन्हानं करपतं, म्हणून उघड्या बाजूच्या खोडांना झावळ्या बांधून आडोसा करतात. पोफळीवर मिरवेल चढते. खाली जायफळ, केळी, अळू, कुठे विड्याच्या पानांचा वेल, वईच्या कडेला रातांबा. एकाच गुंठ्यात चार मजले. दुपारी एक वाजता या चार मजल्यांखाली उभं राहिलं तर ऊन नाण्यांएवढ्या कवडशांनी जमिनीवर उतरतं आणि पाटाचं पाणी पायाखालून सरकत असतं. क्योतोच्या बागा कशा बघायच्या यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. कोकणातली वाडी बघायची असेल तर पाणी सोडण्याच्या वेळेला जावं, आणि पाणी कुठून कुठे जातं त्याच्या मागोमाग चालावं.

मग देवळाकडे वळावं. गुहागरचा व्याडेश्वर हा कित्येक कोकणस्थ घराण्यांचा कुलस्वामी. हे पंचायतन आहे: मध्ये शंकर आणि भोवती गणपती, सूर्य, देवी, विष्णू यांची छोटी देवळं. वरच्या पाटात दुर्गादेवी. आणि उफराटा गणपती, म्हणजे उलट्या दिशेला तोंड असलेला. समुद्र गाव गिळायला पुढे सरसावला तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेल्या देवानं फिरून समुद्राकडे बघितलं आणि पाणी मागे गेलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणूनच ती घ्यावी, पण सोडून देऊ नये. वाळूवर राहणाऱ्यांना समुद्राचं जे भय असतं ते तिच्यात नेमकं आलं आहे. वरून गोडं पाणी मिळतं ते खालच्या खाऱ्याला मागे रेटूनच, हे गावाला भूजलशास्त्राच्या आधीपासून माहीत होतं.

कोकणातल्या देवळात शिरण्याआधी पाय धुतात. दारातल्या दोणीतलं पाणी घेतलं, पायावर ओतलं, मग पायरी. जपानी देवस्थानात शिरण्याआधी झाकलेल्या कुंडाशी थांबून पळीनं हात धुतात आणि चूळ भरतात. क्योतोच्या पोटातही भूजलाचा मोठा साठा आहे. तिथलं तोफू, फुशिमी भागातली साके ही सगळी त्या पाण्याची करणी मानतात. शहराचा नकाशा हातात घेऊन देवळं मोजत फिरण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी ‘इथलं पाणी कुठलं’ एवढा एकच प्रश्न विचारत फिरावं. दोन्हीकडे तो फार आतपर्यंत नेतो.

बसायचं कुठे, याचंही उत्तर दोन्हीकडे जवळपास सारखं आहे. रिओआन-जीची ती लाकडी पडवी, ‘एनगावा’, धड घरात नाही आणि धड बाहेर नाही. वर छप्पर, समोर उघडं. आमची ओटी तीच. ओटीवर बसलेला माणूस घरातही असतो आणि पाणंदीतून जाणाऱ्याशी बोलतही असतो. पावसाची सर उभी राहते तेव्हा कौलांच्या कडेवरून पडणाऱ्या धारांचा पडदा समोर लागतो. जपानी घरांनाही खोल वळचण असते, तीही याच कारणासाठी. पावसाळी मुलखांना एकमेकांना न विचारता सारखीच उत्तरं सुचली आहेत.

इथे दापोली तालुक्यातल्या मुरुडचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुरुड गाव जंगल तोडून कसं वसवलं, हद्दी कशा घातल्या, देवीची जागा कुठे ठरली, याची जुनी बखर आहे. याच गावचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी एकोणिसाव्या शतकात तिची ओळख अभ्यासकांना करून दिली. राजधानीच्या शहराची आखणी इतिहासात जाते. नारळीपोफळीच्या गावाचीही अशी लेखी आखणी असावी, याचा मला अभिमान वाटतो. आणि मुरुडचेच धोंडो केशव कर्वे. तोक्योतल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि तिच्यातून १९१६ साली भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. १९२९-३० च्या जगप्रवासात सत्तरी ओलांडलेले कर्वे जपानलाही जाऊन आले. मुरुडच्या दुर्गादेवीच्या देवळापासून तिथपर्यंतची ही वाट त्यांच्याआधी किती कोकणी माणसं चालली असतील!

जपानची आणि आपल्या किनाऱ्याची त्याहून फार जुनी एक गाठ त्याच दापोली तालुक्यात आहे. कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीला २९ लेण्यांचा समूह आहे. आरंभ बौद्धांचा. पुढे, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, तिथे वज्रयान पंथ आला, आणि त्या काळातली महाचंडरोषणाची मूर्ती या लेण्यांत आहे. चंडरोषण म्हणजेच अचल, हातात खड्ग घेतलेला, रागीट चेहऱ्याचा रक्षक. हाच अचल चीनमार्गे जपानला पोचला आणि ‘फुदो’ झाला. फुदो म्हणजे न हलणारा, ‘अचल’ या नावाचाच सरळ अर्थ. क्योतोच्या तो-जी देवळात नवव्या शतकापासून त्याची मूर्ती बसलेली आहे. भारतात या देवाचं नाव लोक विसरले. जपानात तो आजही जागता आहे, आणि बऱ्याचदा धबधब्यांजवळ त्याची पूजा होते. क्योतोला जाणाऱ्या मराठी माणसानं तिथे सरस्वती, इंद्र, गरुड शोधावेत, ते सापडतातही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसानं तो-जीत जाऊन फुदोसमोर उभं राहावं. हा आपल्या नदीकाठचा देव आहे.

देवाची जागा म्हणजे चार भिंतींचं देऊळच, असंही दोन्हीकडे नाही. गणपतीपुळ्याला डोंगरालाच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या टेकडीला, साधारण एक किलोमीटरची. क्योतोच्या फुशिमी इनारीतही डोंगरच पवित्र आहे. हजारो शेंदरी कमानींखालून लोक तो चढून उतरतात. सगळ्या जगाला कमानींचे फोटो माहीत आहेत. फोटोत डोंगर येत नाही.

आणि देवराई. क्योतोच्या शिमोगामो देवस्थानाला लागून ‘तादासु नो मोरी’ नावाचं सुमारे १२ हेक्टरांचं प्राचीन वन आहे, शहराच्या मधोमध. आपल्याकडे संगमेश्वर, राजापूर भागांत अशी राखलेली रानं गावोगाव आहेत. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवराया पायी फिरून नोंदल्या, तेव्हा कुठे शिकलेल्या जगानं त्यांची दखल घेतली. देवराईतलं झाड तोडायचं तर देवाला कौल लावावा लागे. मूर्तीला ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे आणि वाट बघायची. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. बहुतेक वेळा झाड मागितलं जाई ते देवळाच्याच दुरुस्तीसाठी: एखादा वासा, एखादा खांब. बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, गारंबीचे मांडीएवढे वेल झाडांना विळखे घालून असतात, आणि मधे कौलारू घुमटीत पाषाणाचा देव. माळी नाही, कात्री नाही. गावानं वर्षानुवर्षं हात आवरल्यामुळे उभी राहिलेली ती बाग आहे.

देवळाच्या दुरुस्तीचा विषय निघालाच आहे, तर मनात आहे ते सांगतो. क्योतोतल्या जुन्या देवळांवर हिनोकी झाडाच्या सालीचं छप्पर असतं. ते तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा घालावं लागतं. म्हणजे दर पिढीत एकदा साल काढणारे, ती रचणारे, लाकडाचे सांधे जुळवणारे सुतार यांची गरज पडते आणि विद्या हातातून हातात जाते. २०२० साली युनेस्कोनं मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली ती या कसबांची. सुवर्णमंडपाचं देऊळ, किंकाकु-जी, १९५० साली जळून गेलं आणि १९५५ मध्ये पुन्हा उभं राहिलं, कारण ते बांधू शकणारे हात होते. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की गाव वर्गणी काढतं, मुंबईकर भरभरून पैसे पाठवतात. ती श्रद्धा खरी असते. आणि त्या श्रद्धेच्या भरात लाकडी सभामंडप उतरतो, जांभ्याच्या भिंती पाडल्या जातात, स्लॅब पडतो, खाली गुळगुळीत फरशी येते. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, चिऱ्याला कुऱ्हाडीसारख्या हत्यारानंही आकार देता येतो. वाऱ्यापावसात तो कठीण होत जातो. कोरीव खांब, नळ्यांची कौलं, जांभ्याचा चिरा यांवर काम करणारा गवंडी-सुतार गावात काम न मिळाल्यानं शहरात जातो, आणि पुढच्या देवळाला स्लॅबशिवाय पर्याय उरत नाही. स्लॅबखाली मे महिन्यातल्या दुपारी बसवत नाही, हे त्या मंडपात बसलेलं कुणीही सांगेल.

डोळ्यांसमोरचं दृश्य राखणं हेही बांधकामच आहे. क्योतोत दूरचा डोंगर बागेत ‘उसना’ घेतात. एन्त्सू-जीच्या बागेत कुंपणावरून हिएई पर्वत दिसतो आणि तो त्या बागेचाच भाग होतो. २००७ साली क्योतोनं नियम केले, शहराच्या मधल्या भागातली इमारतींच्या उंचीची मर्यादा ४५ मीटरवरून ३१ वर आणली, आणि ३८ ठिकाणांहून दिसणारी दृश्यं कायद्यानं सांभाळली. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून खाली नारळीपोफळीचे शेंडे, खाडी, समुद्र आणि सुवर्णदुर्ग दिसतो. तेही उसनं घेतलेलंच दृश्य आहे. त्याच्या रक्षणाचा विचार ग्रामसभेत व्हायला हवा, आणि तो लवकर व्हायला हवा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या किनारी गावांत काही तासांत वाड्या आडव्या झाल्या. पोफळी मधोमध मोडल्या, नारळ मुळासकट उलटले, शंभर वर्षांचे आंबे-फणस पडले. क्योतोनंही हे सोसलं आहे. सप्टेंबर २०१८ मधल्या जेबी वादळात हिरानो देवस्थानाचा मंडप कोसळला, कुरामाच्या डोंगरावरची मोठी झाडं पडली. पण वाडी पडणं वेगळं. तिच्यावर घर चालतं. पिढीनं लावलेलं उत्पन्न एका दुपारी जमिनीवर आलं.

नवी वाडी लावायलाही क्रम आहे, तो घाई करू देत नाही. वरची सावली गेलेल्या उघड्या वाळूत पोफळीचं रोप टिकत नाही, ते करपतं. म्हणून आधी केळ लावायची. केळ वर्षाच्या आत पानं पसरते. तिच्या सावलीत पोफळीची रोपं, कडेला नारळ. पोफळीला फळ धरायला पाच ते आठ वर्षं. खोड उंच आणि घट्ट झालं की पायथ्याशी मिरवेलीचा तुकडा. जायफळ त्याहून सावकाश. वादळानंतरच्या पावसात पहिल्या केळी लागल्या. पडलेल्या ओंडक्यांमधून वाट काढत पाट पुन्हा साफ केले गेले, आणि सकाळी शिंपण्याच्या वेळेला रोपांच्या आळ्यांत पाणी सोडलं गेलं.